दीर्घकाळ राज्य केलेला राजा जातो, तेव्हा राष्ट्राचे नेमके काय होते?

सायंतारा (धागाकर्ती)

राजाचे निधन झाले की ध्वज अर्ध्यावर उतरतात, तोफांची सलामी होते, दुखवटा जाहीर होतो आणि काही दिवसांनी नव्या राजाच्या नावाने द्वाही फिरते, एवढे आपण सगळेच जाणतो. मला या धाग्यात त्याच्या पलीकडचा एक मुद्दा मांडायचा आहे. राजवट जितकी लांबते, तितका तो देश राजा बदलण्याची क्रियाच विसरत जातो, असे माझे मत आहे. दहा-पंधरा वर्षांनी राजा बदलणाऱ्या देशात कारभाऱ्यांना, दरबाराला आणि लोकांनाही त्या घडामोडीची सवय असते. सत्तर वर्षांनंतर मात्र मागचा बदल जाणत्या वयात पाहिलेला माणूस नव्वदीच्या घरात गेलेला असतो. राणी एलिझाबेथ दुसरी ६ फेब्रुवारी १९५२ रोजी गादीवर आली आणि ८ सप्टेंबर २०२२ रोजी बाल्मोरल येथे तिचे निधन झाले. थायलंडचे राजे भूमिबोल अदुल्यदेज ९ जून १९४६ पासून १३ ऑक्टोबर २०१६ पर्यंत राजे होते. या दोन्ही देशांत बहुसंख्य लोकांनी जन्मल्यापासून दुसरा राजा पाहिलेलाच नव्हता.

याला जोडूनच वारसाच्या वयाचा प्रश्न येतो आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. राजा दीर्घायुषी असेल, तर वारस एक तर स्वतः वृद्ध होऊन गादीवर येतो किंवा राजाच्या आधीच जातो आणि गादी पुढच्या, कधी त्याच्याही पुढच्या पिढीकडे जाते. व्हिक्टोरियानंतर १९०१ मध्ये सातवा एडवर्ड आला तेव्हा तो ५९ वर्षांचा होता, भूमिबोल यांचे पुत्र वजिरालोंगकोर्न ६४ वर्षांचे होते आणि एलिझाबेथचे पुत्र तिसरे चार्ल्स ७३ वर्षांचे. उलट फ्रान्सचा चौदावा लुई ७२ वर्षे राज्य करून १ सप्टेंबर १७१५ रोजी वारला, तेव्हा त्याचा मुलगा आणि नातू दोघेही आधीच मरण पावले होते आणि मुकुट पाच वर्षांच्या पणतूकडे गेला. पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. लुईने मृत्युपत्रात बालराजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या राजप्रतिनिधीचे अधिकार मर्यादित ठेवले होते, पण मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी पॅरिसच्या पार्लमां या उच्च न्यायसभेने ते कलम बाजूला सारून राजप्रतिनिधी म्हणून ऑर्लेआँच्या ड्यूकला पूर्ण अधिकार दिले, आणि त्या बदल्यात राजाज्ञेवर आक्षेप नोंदवण्याचा आपला जुना हक्क परत मिळवला. ज्याच्या शब्दापुढे तीन पिढ्या कोणी बोलले नाही, त्याचे शेवटचे लेखी शब्द एका दिवसात रद्द झाले. दरबारानेही व्हर्साय सोडले आणि १७२२ पर्यंत तो तिथे परतला नाही.

आदर, जरब, लोकांचा जिव्हाळा हे सारे त्या व्यक्तीने आयुष्यभरात मिळवलेले असते आणि ते मुकुटाबरोबर वारसाकडे जात नाही. मग वारसाकडे नेमके काय जाते, आणि जे जात नाही त्याची भरपाई राष्ट्र कशी करते, यावर आपण सविस्तर चर्चा करावी अशी विनंती आहे.

गवाक्ष

२०१६ च्या त्या महिन्यांत मी कामानिमित्त बँकॉकमध्ये होतो, म्हणून जे पाहिले तेवढेच लिहितो. निधनाची बातमी संध्याकाळी जाहीर झाली. सिरिराज रुग्णालयाबाहेर आधीपासून जमलेले लोक तिथेच बसून राहिले आणि रडत राहिले. दुसऱ्या दिवसापासून शहराचा रंगच बदलला. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या कृष्णधवल झाल्या, जाहिरातींचे फलक उतरले किंवा काळे-पांढरे झाले, आणि सरकारने तीस दिवस करमणुकीचे कार्यक्रम टाळण्याचे आवाहन केले. सरकारी नोकरांना एक वर्ष दुखवट्याचे कपडे घालायचे होते. काळे कपडे बाजारातून इतक्या झपाट्याने संपले की, व्यापाऱ्यांनी भाव वाढवू नयेत अशी तंबी सरकारला द्यावी लागली. मग जागोजागी मोठी पातेली चुलींवर चढली. त्यांत काळा रंग उकळत असे आणि लोक घरातले निळे, पिवळे, गुलाबी सदरे आणून रंगवून नेत. रांगेतल्या एका वृद्ध बाईंच्या हातात पिवळा सदरा होता. भूमिबोल यांचा जन्म सोमवारचा आणि सोमवारचा रंग पिवळा, म्हणून राजाच्या सन्मानार्थ पिवळे कपडे घालण्याची तिथे रीत होती. तो सदरा त्यांनी स्वतःच्या हाताने पातेल्यात सोडला आणि काठीने दाबून धरला.

राजवाड्यातील पार्थिवाच्या दर्शनाला वर्षभरात एक कोटी वीस लाखांहून अधिक लोक आले. अंत्यसंस्कार २६ ऑक्टोबर २०१७ रोजी सनाम लुआंग मैदानावर झाले आणि त्या सुमारास शहरभर झेंडूची पिवळी फुले लावलेली होती.

सायंतारा यांनी विसरण्याचा जो मुद्दा मांडला आहे, त्याला मी तिथल्या अनुभवावरून दुजोरा देतो. युवराजांनी शोकासाठी अवधी मागितला आणि गादी तात्काळ स्वीकारली नाही, हे पंतप्रधानांनी जाहीर केले तेव्हा लोक गोंधळले, कारण असे होऊ शकते हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. राज्यघटनेप्रमाणे प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष प्रेम तिनसुलानोंदा हंगामी राजप्रतिनिधी झाले. त्यांचे वय तेव्हा ९६ होते. वजिरालोंगकोर्न यांनी १ डिसेंबरला गादी स्वीकारली आणि त्यांची राजवट १३ ऑक्टोबरपासूनच धरली गेली. म्हणजे कागदोपत्री सिंहासन एक क्षणही रिकामे नव्हते, पण ते सात आठवडे मी तिथे काढले आहेत आणि रिकामेपण म्हणजे काय ते रस्त्यावर, कचेरीत, लोकांच्या बोलण्यात जाणवत होते.

कलमबंद

ब्रिटनमध्ये असे रिकामेपण कायद्याने निर्माणच होऊ शकत नाही, आणि ही व्यवस्था एका दिवसात तयार झालेली नाही. पूर्वी तिथे राजा मेला की त्याने बोलावलेली संसद आपोआप विसर्जित होत असे आणि त्याच्या नावाने नेमलेले अधिकारी पदावरून जात, कारण सगळ्यांची सत्ता त्या एका जिवंत माणसाकडून आलेली मानली जाई. याचा धोका ओळखून सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि पुन्हा १७०७ च्या कायद्याने संसदेला राजाच्या मृत्यूनंतर सहा महिने टिकण्याची मुभा मिळाली. १८६७ मध्ये संसदेचे आयुष्य राजाच्या आयुष्यापासून पूर्णपणे वेगळे केले गेले, आणि व्हिक्टोरियाच्या मृत्यूनंतर १९०१ मध्ये झालेल्या कायद्याने सर्व पदाधिकाऱ्यांच्या नेमणुकाही अबाधित राहतील अशी तरतूद झाली. तो कायदा ६३ वर्षांच्या राजवटीनंतर लगेच करावा लागला, हा योगायोग नाही असे मला वाटते.

म्हणूनच २०२२ मध्ये वरवर पाहता फक्त नावे बदलली. ज्येष्ठ वकिलांची ‘क्वीन्स कौन्सेल’ ही पदवी त्याच दिवशी ‘किंग्ज कौन्सेल’ झाली, उच्च न्यायालयाच्या एका विभागाचे नाव बदलले, राष्ट्रगीतातील शब्द बदलले. राणीने ६ सप्टेंबरला लिझ ट्रस यांना पंतप्रधान नेमले होते. दोन दिवसांनी राणी गेली, तरी ती नेमणूक पुन्हा करावी लागली नाही. १० सप्टेंबरच्या राज्यारोहण परिषदेने चार्ल्स यांना राजा बनवले नाही, ते आधीच राजे झाले आहेत हे तिने केवळ जाहीर केले. ही परिषद प्रथमच दूरचित्रवाणीवर दाखवली गेली.

विसरण्याच्या मुद्द्याबाबत माझे थोडे वेगळे मत आहे. माणसे विसरतात हे खरे, पण म्हणूनच कागद लिहिले जातात. ‘लंडन ब्रिज’ या नावाने राणीच्या निधनानंतरच्या प्रत्येक दिवसाची आखणी अनेक दशके होत होती आणि ती वेळोवेळी सुधारली जात होती. निधन स्कॉटलंडमध्ये झाल्यास काय करायचे याचीही ‘युनिकॉर्न’ नावाची वेगळी योजना तयार होती, आणि तीच उपयोगी पडली.

शिलालेख

कलमबंद यांचा प्रतिसाद वाचून वाटले की, ज्या राज्यात असा कागद नसतो तिथे काय होते हेही नोंदवायला हवे. औरंगजेब ४९ वर्षे राज्य करून ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला वारला. तेव्हा तो ८८ वर्षांचा होता आणि हयात मुलांतील थोरला मुअज्जम साठी ओलांडलेला होता. वारसाहक्काचा ठाम नियम मोगलांकडे कधीच नव्हता, प्रत्येक वेळी तलवारच निवाडा करत असे. पण पूर्वी हा निवाडा एका पिढीच्या धडधाकट शाहजाद्यांमध्ये होई. आता थकलेले शाहजादे, दक्षिणेत वर्षानुवर्षे खितपत पडलेली फौज आणि रिता झालेला खजिना होता. जून १७०७ मध्ये जाजऊच्या लढाईत मुअज्जमचा भाऊ आजमशहा मारला गेला, जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ दुसरा भाऊ कामबक्ष याचा शेवट झाला, आणि बहादूरशहा म्हणून तख्तावर बसलेला मुअज्जम १७१२ मध्ये वारला. त्यानंतर एकट्या १७१९ या वर्षात दिल्लीच्या तख्ताने चार बादशहा पाहिले. पन्नास वर्षांत एक आणि मग एका वर्षात चार, यावरून त्या दीर्घ राजवटीने मागे काय ठेवले होते ते कळते.

त्याच मृत्यूने मराठ्यांचा इतिहासही फिरवला. १६८९ पासून मोगलांच्या छावणीत असलेल्या शाहू महाराजांना आजमशहाने उत्तरेकडे जाताना १७०७ मध्ये सोडून दिले, आणि ताराराणी व शाहू असा गादीचा तंटा उभा राहिला.

शाहू महाराजांची राजवट सुद्धा लांबली आणि तिच्या अखेरीचा विचार इथे विशेष उपयुक्त आहे. १७०८ मध्ये राज्याभिषेक झालेले शाहू १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात निपुत्रिक वारले. त्यांच्या हयातीत पेशवे, भोसले, दाभाडे, आंग्रे असे सगळे सरदार एकमेकांशी कितीही भांडले तरी छत्रपतींच्या शब्दाला मान देत, कारण चाळीस वर्षे सर्वांची गाऱ्हाणी ऐकणारा तो एकच माणूस होता. त्यांच्या मागे ताराराणींनी आपला नातू म्हणून पुढे केलेले रामराजे गादीवर आले. १७५० च्या सांगोल्याच्या कराराने कारभाराची सूत्रे पेशव्यांकडे गेली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ताराराणींनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. शाहूंची गादी शाबूत होती, वारस होता, शिक्का होता. पण शाहूंच्या शब्दाला जे वजन होते ते यांपैकी कशातच उतरले नाही आणि राज्याचे केंद्र साताऱ्याहून पुण्याला सरकले. सायंतारा यांच्या ‘वारसाकडे नेमके काय जाते’ या प्रश्नाचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

पाणवठा

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एक बाजू राहून जाते आहे. असा शोक सगळ्यांचा असतो, हे मला मान्य नाही. राष्ट्र शोक करते असे आपण म्हणतो, तेव्हा काही लोक मनापासून रडत असतात, काही लोक शेजारी काय म्हणतील म्हणून गप्प असतात आणि काही लोकांना बोलण्याची मुभाच नसते. थायलंडमध्ये काळे कपडे न घातलेल्यांना भर रस्त्यात जाब विचारण्याचे प्रकार त्या दिवसांत घडले. राजाच्या अवमानाबद्दल तिथे कलम ११२ खाली प्रत्येक आरोपाला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या मौनाचा अर्थ लावता येणार नाही. ब्रिटनमध्येही राणीच्या निधनानंतरच्या दहा दिवसांत राजेशाहीविरोधी फलक घेऊन उभ्या राहिलेल्या काहींना पोलिसांनी अटक केली होती.

जपानचे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करते. सम्राट हिरोहितो १९२६ च्या डिसेंबरापासून गादीवर होते. १९ सप्टेंबर १९८८ रोजी त्यांना रक्ताची उलटी झाली आणि ७ जानेवारी १९८९ रोजी ते गेले. मधल्या साडेतीन महिन्यांत त्यांचा ताप, नाडी, रक्तदाब, किती रक्त गेले आणि किती चढवले याचे आकडे रोज बातम्यांत येत होते. कोणताही कायदा न करता देशभरचे उत्सव रद्द झाले, लग्नाचे समारंभ आटोपते घेतले गेले आणि जाहिरातींतील आनंदी शब्द काढून टाकले गेले. त्या काळात नागासाकीचे महापौर हितोशी मोतोशिमा यांनी, युद्धाच्या जबाबदारीत सम्राटांचाही वाटा आहे असे मत डिसेंबर १९८८ मध्ये शहराच्या सभेत व्यक्त केले. जानेवारी १९९० मध्ये एका अतिरेकी राष्ट्रवाद्याने त्यांच्यावर गोळी झाडली. ते वाचले. हा अणुबॉम्ब पडलेल्या शहराचा महापौर होता, आणि मरणासन्न सम्राटाबद्दल खरे बोलण्याची ही किंमत त्याला द्यावी लागली.

दीर्घ राजवटीच्या अखेरीस त्या साऱ्या काळाचा हिशेब मांडण्याची वेळ येते, आणि नेमक्या त्याच वेळी तो मांडणे अशिष्ट ठरते. माझ्या मते राष्ट्राचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते.

सायंतारा (धागाकर्ती)

पाणवठा, तुमचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. त्याला एक गोष्ट जोडते. हिरोहितो यांच्या वेळी काय झाले हे सर्वांत जवळून ज्यांनी पाहिले, ते त्यांचे पुत्र अकिहितो होते. ८ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांनी जनतेला उद्देशून जे भाषण केले, त्यात सम्राटाची प्रकृती ढासळली की समाजाचे व्यवहार थबकतात आणि लोकांच्या जीवनावर परिणाम होतो, ही चिंता त्यांनी स्पष्टपणे बोलून दाखवली. निधनानंतरचे विधी सुमारे दोन महिने आणि त्यांना जोडलेले कार्यक्रम वर्षभर चालतात, आणि त्याच वेळी नव्या राजवटीचे समारंभही असतात, याचा भार कुटुंबीयांवर किती पडतो हेही त्यांनी सांगितले. त्यांच्यासाठी संसदेने २०१७ मध्ये खास कायदा केला आणि ३० एप्रिल २०१९ रोजी ते पायउतार झाले. १९८९ मध्ये शोवा हे कालनाम (सम्राटाच्या राजवटीचे नाव, ज्यावरून जपानमध्ये वर्षे मोजतात) जाऊन हेइसेई हे नवे कालनाम एका दिवसात लागू झाले होते, शोवा ६४ हे वर्ष जेमतेम सात दिवस टिकले. या वेळी मात्र रेइवा हे नाव महिनाभर आधी, १ एप्रिलला जाहीर झाले, त्यामुळे दिनदर्शिका, सरकारी अर्ज, संगणकीय प्रणाली यांना तयारीला अवसर मिळाला आणि लोकांनी नव्या कालखंडाचे स्वागत मोकळ्या मनाने केले.

डेन्मार्कच्या राणी मार्गारेट दुसऱ्या यांनीही ५२ वर्षांनंतर १४ जानेवारी २०२४ रोजी हयातीतच गादी सोडली. जिवंतपणी पायउतार होण्याने राजाला देशासाठी एक मोठे काम करता येते: आपल्यावाचून चालण्याची सवय तो स्वतः लावून देऊ शकतो.

उंबरठा

बऱ्याच काळापासून वाचनमात्र होतो, या धाग्यामुळे लिहितो आहे. आतापर्यंत एकाच राष्ट्राचा विचार झाला, पण काही राजे अनेक राष्ट्रांना एकत्र बांधून असतात. ऑस्ट्रिया-हंगेरीचा सम्राट फ्रान्झ जोसेफ १८४८ ते १९१६ असा जवळजवळ ६८ वर्षे गादीवर होता. मुलगा रुडॉल्फ १८८९ मध्ये गेला, पुतण्या फ्रान्झ फर्डिनंडची १९१४ मध्ये साराजेवोत हत्या झाली, आणि अखेर दुसऱ्या एका पुतण्याचा २९ वर्षांचा मुलगा कार्ल भर युद्धात सम्राट झाला. दोन वर्षांत साम्राज्य राहिले नाही. ते केवळ म्हाताऱ्या सम्राटाच्या जाण्याने मोडले असे मी म्हणणार नाही. युद्ध, उपासमार आणि राष्ट्रवाद ही कारणे पुरेशी होती. पण झेक, हंगेरियन, पोलिश, क्रोएट अशा सगळ्यांना ज्याच्याशी आपण निष्ठेने बांधलेलो आहोत असे वाटे, तो माणूस गेल्यावर दुसरे बंधन उरले नव्हते.

एलिझाबेथ यांच्या निधनाच्या वेळी ब्रिटनखेरीज आणखी १४ देशांच्या त्या राष्ट्रप्रमुख होत्या. बार्बाडोसने तर त्यांच्या हयातीतच, ३० नोव्हेंबर २०२१ रोजी प्रजासत्ताक होणे पसंत केले होते. निधनानंतर काही दिवसांतच अँटिग्वा आणि बार्बुडाच्या पंतप्रधानांनी सार्वमताची भाषा केली. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेने २०२३ च्या फेब्रुवारीत, पाच डॉलरच्या नव्या नोटेवर राजाऐवजी तिथल्या आदिवासींच्या संस्कृतीचा आणि इतिहासाचा गौरव करणारी रचना असेल असे जाहीर केले. १९९९ च्या सार्वमतात ऑस्ट्रेलियाच्या सुमारे ५५ टक्के मतदारांनी प्रजासत्ताक नाकारले होते, पण त्यातला किती कौल राजेशाहीला होता आणि किती एलिझाबेथ यांना, हे आता पुढच्या वेळीच कळेल.

गवाक्ष

थायलंडच्या बाबतीत ते कळायला फार वेळ लागला नाही. २०१७ मध्ये राजघराण्याच्या मालमत्तेचा कायदा बदलून ती थेट राजाच्या नियंत्रणाखाली आली. १० ऑगस्ट २०२० रोजी थम्मासात विद्यापीठाच्या रांगसित आवारात विद्यार्थ्यांनी राजेशाहीच्या सुधारणेच्या दहा मागण्या जाहीर सभेत वाचून दाखवल्या. भूमिबोल यांच्या हयातीत असे काही व्यासपीठावरून बोलले जाईल, यावर मी २०१६ मध्ये भेटलेल्या कोणीही विश्वास ठेवला नसता. पाणवठा, तुम्ही ज्या हिशेबाबद्दल लिहिले आहे, तो तिथे चार वर्षांनी मांडला गेला, आणि तो मांडणाऱ्या अनेकांवर पुढे खटले भरले गेले.

कलमबंद

शिलालेख यांनी कागद नसलेल्या राज्यांबद्दल लिहिले, म्हणून ओमानचा उल्लेख करतो. सुलतान काबूस १९७० पासून गादीवर होते, त्यांना मूलबाळ नव्हते आणि त्यांनी उघडपणे वारस नेमला नव्हता. राजघराण्याच्या परिषदेने तीन दिवसांत वारस निवडावा आणि एकमत झाले नाही, तर सुलतानांनी पाकिटात बंद करून ठेवलेले नाव मान्य करावे, अशी तरतूद होती. १० जानेवारी २०२० रोजी ते गेले. परिषदेने स्वतः नाव न सुचवता लगेच ते पत्रच उघडण्याचा निर्णय घेतला आणि ११ तारखेला त्यांचे चुलत बंधू हैथम बिन तारिक यांनी शपथ घेतली. सगळ्या आखाती देशांचे लक्ष लागलेले ते संक्रमण शांतपणे पार पडले.

पण नव्या सुलतानांनी पुढे जे केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. अवघ्या वर्षभरात, जानेवारी २०२१ मध्ये, त्यांनी राज्याचा मूलभूत कायदा नव्याने काढला, गादी थोरल्या मुलाकडे जाईल असा नियम घातला आणि ओमानला प्रथमच अधिकृत युवराज मिळाला. पाकिटाने एकदा काम भागले, म्हणून पुन्हा त्याच्यावर विसंबून राहणे त्यांनी पत्करले नाही.